शेवटची पाटी

सोलापूरच्या शुक्रवार पेठेतल्या संगप्पाला देवानं रूप दिलं नाही, उंची दिली नाही, पैसाअडका द्यायचं तर विसरूनच गेला. पण गळा असा दिला की गिरणीचा भोंगा चालू असताना बोलला तरी पलीकडच्या बोळात ऐकू जावं. दिवसभर हा माणूस एका कापडाच्या दुकानात गज हातात धरून लुगडी-खण मोजायचा आणि संध्याकाळी सिनेमाच्या पत्र्याच्या थेटरात पाट्या वाचायचा.

पाट्या वाचणं म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण पुढं दोन-तीन वर्षांत बोलपट आले आणि ही विद्या पार बुडाली. तेव्हाची चित्रं मुकी. नट नुसते ओठ हलवायचे, मग काळ्या पाटीवर पांढरी अक्षरं उमटायची, की बाबा अमुक माणूस असं म्हणाला. खुर्चीवरचे वकील-मास्तर ती मनातल्या मनात वाचून घेत. पुढं जमिनीवर बसलेल्या गिरणीवाल्यांना आणि कनातीपलीकडच्या बायकांना अक्षर म्हणजे मुंग्यांची रांग. त्यांच्यासाठी संगप्पा पेटी-तबलेवाल्यांच्या शेजारी उभा राहून प्रत्येक पाटी मोठ्यानं वाचायचा, आधी मराठीत, मग तीच कानडीत. नाजूक नायिका तोंड उघडायची आणि आवाज निघायचा संगप्पाचा, मिशांसकट. पण कुणाला त्याचं हसू येत नसे. जमिनीवरच्या लोकांचा पडद्यापेक्षा त्याच्यावर जास्त विश्वास होता. संगप्पानं सांगितलं म्हणजे तसं झालं.

असा हा बोलका माणूस, पण घरी तीन वर्षं एक गोष्ट गिळून बसला होता.

मल्लू त्याचा एकुलता एक मुलगा. श्रीशैलाच्या मल्लय्याला नवस बोलून झालेला. तो पाळण्यात असतानाच गौरम्मानं, त्याच्या आईनं, ठरवून टाकलं होतं की पोरगा मोठा झाला की पायी श्रीशैलाला जाऊन नवस फेडेल. एकोणिसाव्या वर्षी तो निघाला. खांद्यावर कांबळं, गळ्यात लिंग, बरोबर पेठेतलाच ईरप्पा, आणि पुढं वाटेत भेटतील ते कर्नाटकातले यात्रेकरू. पोरगा खुशीत होता, रान बघायला मिळणार म्हणून. गौरम्मानं दृष्ट काढली आणि वेशीपर्यंत पोचवायला गेली.

परत आला तो एकटा ईरप्पा. पेठेत शिरायच्या आधी तो दुकानात संगप्पाला गाठायला आला आणि गठ्ठ्यांच्या आड उभा राहून बोलला. श्रीशैलाच्या अलीकडं नल्लमलेच्या रानात मल्लूला ताप भरला होता. औषध नाही, गाव नाही, दोन दिवसांत आटोपलं.

"तितंच झाडाखाली बसवला, मामा. आपल्या रीतीनं. भस्म लावलं, लिंग तळहातावर ठिवलं, मग माती दिली."

संगप्पानं त्याच्या तोंडावर हात ठेवला आणि शपथ घातली. घरी जाईपर्यंत त्याच्या डोक्यात एकच घोळत होतं, की हिनं धाडलं त्याला. नवस हिचा. हे ऐकलं तर ही विहीर जवळ करील. दारात गौरम्मा उभीच होती. संगप्पा म्हणाला, "मल्लू तितंच मठात ऱ्हायलाय. देवाची सेवा करतो म्हणतोय. यील."

ईरप्पा महिन्याभरात हुबळीला कामाला गेला आणि खोटं सुखानं नांदू लागलं. दुसऱ्या कुणाच्या घरात ते वर्षभरही टिकलं नसतं. पण लिंगायतांच्या घरी श्राद्धपक्ष नाही, पिंड नाही, तिथी आली म्हणून दारात भटजी येत नाही. मेलेल्या माणसाची आठवण करून द्यायला वर्षात एकही दिवस नेमलेला नाही. त्यामुळे मल्लू गौरम्माच्या लेखी मठातच राहिला, आणि ती सणासुदीला म्हणत राहिली, "देवाला किती सेवा पायजे म्हन्ते मी? आईची कोन करनार?"

या खोट्याचा भार आणखी एकीवर पडला होता. नीलम्मा. गौरम्माच्या भावाची, अक्कलकोटच्या चनमल्लप्पाची मुलगी. आई लहानपणीच गेली म्हणून आत्याकडेच वाढली, आणि मल्लूलाच द्यायची हे ठरलेलं, साखरही वाटून झालेली. आता पोर सोळा उलटून गेली. बापाकडं दुधनीचं चांगलं स्थळ दोनदा येऊन गेलं. दोन्ही वेळा गौरम्मानं भावाला परत धाडलं, की नवरा असताना दुसरं स्थळ कसलं बघतोस? संगप्पा त्या वेळी भिंतीकडं तोंड करून पानाला चुना लावत बसे.

आणि मग थेटरात 'अरण्याचा पाहुणा' आला.

शनिवारी संध्याकाळी पहिला खेळ. गोष्ट साधीच. श्रीमंताघरचा एक तरुण घरदार सोडून रानात चालू लागतो. नद्या ओलांडतो, कंदमुळं खातो, हरणांशी बोलतो, आणि हळूहळू भुकेनं नि तापानं खचत जातो. शेवटी एका झाडाच्या बुंध्याशी टेकून डोळे मिटतो. त्याच्या अंगावर पानं पडत राहतात. मग पाटी येते आणि त्यानंतर म्हातारी आई दारात उभी राहून लांब बघताना दिसते. संपलं.

संगप्पानं ती पाटी पहिल्यांदाच बघितली, साऱ्या थेटराच्या देखत. "आई, वाट पाहू नकोस. रानानं मला ठेवून घेतलं." मराठीत कसंबसं वाचलं. कानडीत वाचताना आवाज फुटला. लोकांना वाटलं, काय बेमालूम सोंग आणलंय गड्यानं!

खुर्चीवर रामहरी मास्तर बसले होते. हायस्कुलात मराठी शिकवायचे आणि गावच्या साप्ताहिकात सिनेमावर लिहायचे. लिहीत कसले, सोलायचेच. एकही चित्र त्यांच्या हातून धड सुटलं नव्हतं. पण या वेळी त्यांनी कौतुकानं रकाना भरला. "लग्नाच्या मांडवात संपणाऱ्या चित्रांचा वीट आला असताना, मरणाला मरण म्हणणारे हे चित्र आले आहे," असं लिहिलं, आणि पाट्या वाचणाऱ्याचा कंठ दाटून आला याचीही आवर्जून नोंद केली.

रविवारी दुपारच्या खेळाला बायकांची गर्दी असे. चित्रातला पोरगा रानात जातो असं शेजारच्या मथुराबाईकडून कानावर आलं आणि गौरम्मानं सकाळपासून घर डोक्यावर घेतलं. संगप्पानं डोकं दुखतं म्हणून बघितलं, गर्दीचं निमित्त सांगून बघितलं. ती नीलम्माचा हात धरून कनातीपलीकडं जाऊन बसली. खेळभर तिचा आवाज संगप्पाला ओळखू येत होता. पोरगा नदीत उतरला की ती "यप्पा, जपून रं" म्हणायची. त्यानं फळ खाल्लं की "आदी वास घे की" म्हणायची. तरुण झाडाला टेकला. पानं पडू लागली. पाटी आली. कनातीपलीकडं अगदी सामसूम झाली.

आणि संगप्पाच्या तोंडून निघालं, "आई, वाट पाहा. थकलोय, जरा टेकतो, आणि घराकडे निघतो." पाठोपाठ दारातली म्हातारी दिसली तेव्हा पाटी नव्हतीच, तरी तो म्हणाला, "आणि आईला लांबवर धूळ उडताना दिसली!"

काय टाळ्या पडल्या म्हणून सांगू! बायका रडत होत्या आणि हसत होत्या. केराबाई नावाच्या एका बाईनं तर सुटकेच्या आनंदात थेटराच्या दारात नारळ फोडला. ही बातमी गिरण्यांत पोचायला वेळ लागला नाही. चाळीचाळीतून लोक लोटले. कुणाचा पोरगा मुंबईला पळालेला, कुणाचा भाऊ लढाईवर गेलेला आणि कळलाच नाही. सगळे येऊन जमिनीवर बसायचे, पोरगा परत यायची वाट बघायचे आणि हलक्या मनानं घरी जायचे. मालक स्वतः संगप्पाला पान द्यायला आला. म्हणाला, "हे असंच वाच. कंपनीला काय कळतंय!"

गौरम्मा दुसऱ्यांदा गेली, तिसऱ्यांदा गेली. तिसऱ्या खेळाहून आली ती ठरवूनच.

"वैशाखात बार उडवू," ती भाकरी थापता थापता म्हणाली. "चनमल्लप्पाला निरोप धाडा. आणि तुमी श्रीशैलाला जाऊन पोराला घिऊन या. मठातल्या स्वामींना सांगा, आईची वाट बघून झाली."

"बघू."

"बघू न्हाय. तुमी जात नसला तर मी जाते. त्याच वाटनं, पायी. त्यो पोरगा जातो तशी मलाबी येती की चालाय."

संगप्पाचा घास हातातच राहिला. आजवरचं खोटं घरात बसून होतं, आता ते गौरम्माला त्याच रानात न्यायला उठलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो पूजा आटोपून उठला तेव्हा नीलम्मा पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. गौरम्मा नळावर गेली होती.

"मामा, एक विचारू?"

"विचार की."

"शेवटच्या पाटीवर तुमी वाचता तसं लिव्हलेलं न्हाय." ती खाली बघून बोलत होती. "मी चौथीपोत्तर शिकल्याय. तितं 'वाट पाहू नकोस' लिव्हलंय."

संगप्पानं तांब्या घेतला. प्यायला मात्र सुचलं नाही.

"मी आत्तीला काय सांगनार न्हाय," नीलम्मा म्हणाली. "मला किती दिवस बसायचं, तेवढं सांगा."

तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच सोसवेना. पोरीनं एका पाटीवरून सगळं ओळखलं होतं. तीन वर्षं आपण बायकोला वाचवतोय अशी त्याची समजूत होती. या पोरीचं आयुष्य त्यात जळत होतं, याकडं त्यानं कधी धड बघितलंच नव्हतं. तो दुकानात निघून गेला.

तिथं दुपारी रामहरी मास्तर आले. उपरणं बघायचं निमित्त होतं, पण हात कापडाला लागला नाही.

"काल जमिनीवर बसलो होतो," ते म्हणाले. "लोकांना हे चित्र एवढं का आवडतंय ते बघायला. संगप्पा, तू शेवट बदलतोस."

"लोकांस्नी बरं वाटतंय, मास्तर."

"वाटतं. माझ्या शेजारचा एक म्हातारा विणकर तर माझा हात धरून हसत होता. मलाही क्षणभर बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? पण मी लिहिणार आहे. तुला आधी सांगून जावं म्हणून आलो."

आणि त्यांनी लिहिलं. शुक्रवारी अंक आला तेव्हा संगप्पानं तो गिऱ्हाइकाला ताटकळत ठेवून वाचला. मास्तरांनी त्याला सोललं असतं तर त्याला बरं वाटलं असतं. पण मास्तरांनी मऊपणानं लिहिलं होतं.

"आपल्या गावी सध्या एकाच पडद्यावर दोन चित्रे चालू आहेत. खुर्चीवरच्यांचा तरुण मरतो, जमिनीवरच्यांचा घरी येतो. ज्यांना अक्षर येत नाही त्यांना दुःखही पेलणार नाही, असे कोणी ठरविले? वाचणाऱ्याने हे दयेपोटी केले असेल, यात मला शंका नाही. परंतु त्या दयेने शेकडो माणसांच्या हातून त्यांचे रडणे काढून घेतले आहे. ज्याचे दुःख त्याला देऊन टाकावे. ते दुसऱ्याने सांभाळून ठेवण्याची वस्तू नव्हे."

संगप्पानं ते दोनदा वाचलं. मास्तरांना मल्लूचं काही म्हणजे काही ठाऊक नव्हतं. तरी त्याला वाटलं की साऱ्या सोलापुरात हा रकाना एकट्या त्याच्या घरासाठी छापलाय.

रविवारी दुपारी थेटर गच्च भरलं. मास्तरांच्या लेखानं उलट गर्दी वाढली होती. मालकानं दारातच दटावलं, "ते मास्तरचं काय मनावर घ्यायचं न्हाय. शेवट बिघडला तर उद्यापास्नं यायचं न्हाय." संगप्पानं मान हलवली. कनातीपलीकडं गौरम्मा नीलम्माला घेऊन बसली होती. यायच्या आधी तिनं वाटेसाठी ज्वारी दळून ठेवली होती. नव्या कांबळ्याची घडीही दाराशी होती. सोमवारी निघायचं म्हणत होती.

तरुण नदीत उतरला. "यप्पा, जपून रं," गौरम्मा म्हणाली, पण आता हसत, कारण काही होणार नाही हे तिला माहीत होतं. तो झाडाला टेकला. पानं पडली. पाटी आली.

संगप्पानं डोळे पुसले, कारण अक्षरं हलायला लागली होती. मग वाचलं. "आई, वाट पाहू नकोस. रानानं मला ठेवून घेतलं."

मग जमिनीवरून कुणीतरी ओरडलं, "ए, खोटं वाचू नगंस!" दुसरा उठला, "परवा परत आला हुता की!" बायका कनात धरून हलवू लागल्या. शिट्ट्या झाल्या, टरबुजाची साल येऊन पेटीवर आदळली. आजवरचं खोटं सगळ्यांनी डोळे मिटून घेतलं होतं आणि खऱ्यावर एकाचाही विश्वास बसत नव्हता. त्या गोंधळात गौरम्माचा आवाज आला, "न्हाय न्हाय, येतो त्यो! नीट वाचा की वो!"

संगप्पानं तीच पाटी कानडीत वाचली. त्या आवाजात असं काहीतरी होतं की गौरम्मा पुढं बोलली नाही. दारातली म्हातारी पडद्यावर दिसली, आणि या वेळी तो गप्प उभा राहिला.

घरी जाताना तिघं एकामागं एक चालत होती. उन्हं अजून भिंतींवर होती. घरात शिरल्यावर गौरम्मा दाराशी कांबळ्याच्या घडीजवळच बसली.

"आज चुकीचं वाचलं तुमी."

"न्हाय."

"मग रोजचं?"

"रोजचं चुकीचं हुतं."

नीलम्मा आत जायची ती चौकटीतच थांबली.

"आन् आपल्या मल्लूचं?"

संगप्पानं तोंड उघडलं. साऱ्या थेटराला पुरून उरणारा तो गळा, पण त्यातून एक अक्षर निघेना. तो नुसता उभा राहिला, ओठ हलवत, मुक्या चित्रातल्या नटासारखा.

"वाचा," गौरम्मा म्हणाली.

"गौरा..."

"तितं हुबं ऱ्हाऊन वाचता तसं वाचा. मला अक्षर येत न्हाय. कुनीतरी वाचून दावाय पायजे की."

मग संगप्पा भिंतीला पाठ लावून ताठ उभा राहिला, हात दोन्ही बाजूंना, आणि समोर बघत त्यानं वाचलं. "मल्लू नल्लमलेच्या रानात तापानं गेला. त्याला तिथंच झाडाखाली माती दिली. त्याला तीन वर्षं झाली." सवयीनं त्यानं ते आधी मराठीत म्हटलं. मग कानडीत म्हणावं लागलं, कारण ती तिची भाषा होती, मल्लू तिला त्याच भाषेत अव्वा म्हणायचा. दुसऱ्यांदा म्हणताना आपणही ते पहिल्यांदाच ऐकतोय असं त्याला वाटलं.

गौरम्मानं एकच विचारलं, "लिंग?"

"हातावर हुतं. ईरप्पानं सगळं रीतीनं केलं."

तिनं मान हलवली. आता ती स्वतःला बडवून घेईल, नवसाला शिव्या देईल, विहिरीकडं धावेल, याची संगप्पा तीन वर्षं धास्ती घेऊन होता. तो पुढं सरला. पण ती त्याच्याकडंच बघत होती, आणि तिच्या डोळ्यांत जे होतं ते त्याच्या कुठल्याच हिशेबात नव्हतं.

"तीन वर्सं तुमी एकटेच रडत हुता व्हय?" ती म्हणाली. "माझ्या वाटनीचं बी?"

आणि मग तिनं हंबरडा फोडला. मोठा गळा म्हणून संगप्पाचं नाव होतं, पण त्या दिवशी पेठेला खरा गळा कळला. नीलम्मा धावत आली, आत्याच्या गळ्यात पडली. गौरम्मानं तिला मांडीवर ओढून घेतलं आणि रडत रडत तिच्या केसांवरून हात फिरवत म्हणत राहिली, "जा बाई तू, तुजा बाप म्हनतोय तितं जा. लई बसवलं तुला आमी." संगप्पा तिथंच भिंतीला टेकून खाली बसला. त्याला रडायचं होतं, पण त्याचं रडू संपलं होतं की अजून सुरूच झालं नव्हतं, हे त्याला कळेना.

आवाज ऐकून बोळातल्या बायका आल्या. सगळ्यांच्या पुढं मथुराबाई होती. तिनं गौरम्माकडं बघितलं, कांबळ्याकडं बघितलं, आणि तोंडाला पदर लावून शेजारी बसली.

"अगं बाई, मल्लू?" ती म्हणाली. "कवा गेला गं?"

संगप्पानं सांगायला मान वर केली. पण त्याच्या आधी गौरम्माच बोलली.

"आत्ता," ती म्हणाली.